दाताळ्याचे दात कुणीकडं?

ताम्हिणीच्या अलीकडे डांबरी रस्ता सोडून डोंगर चढायला लागलं, की अर्ध्या-पाऊण तासाने धनगरवाडा येतो. वीस-बावीस घरं, घरटी दहा-पंधरा शेरडं, थोडी मेंढरं, आणि वाड्याच्या तोंडाशी एका लांबलचक खोलीची शाळा. शाळेच्या पाटीवर जिल्हा परिषदेचं नाव आहे, हजेरीपटावर किशोर गुरुजींची सही असते. पण शाळा कुणाची, असं वाड्यात विचारून बघा. "तानूबाईची" याखेरीज दुसरं उत्तर मिळायचं नाही.

कागदोपत्री तानूबाई तिथे दुपारची खिचडी शिजवतात, एवढंच. पण घंटाही त्याच वाजवतात, कारण गुरुजींचं घड्याळ त्यांना पटत नाही. पावसाळ्यात जिथे गळतं तिथे घमेलं त्याच ठेवतात. एखादं पोरगं सकाळी आलं नाही तर हातात पळी घेऊन त्याच्या दारात जाऊन उभ्या राहतात, आणि पळी बघून पोरगं मुकाट्याने दप्तर उचलतं. एकदा साहेबलोक शाळा तपासायला आले आणि शाळेला 'अ' श्रेणी देऊन गेले. गुरुजींनी पेढे वाटले. तानूबाईंनी घरोघरी जाऊन सांगितलं, "माज्या खिचडीला पयला नंबर मिळाला." गुरुजींनी ते दुरुस्त केलं नाही. गुरुजी शहाणे आहेत.

तानूबाई साठीला टेकल्या आहेत. अंगाने काटक, उंचीला बेताच्या, कपाळावर गोंदण आणि आवाज असा की शेजारच्या डोंगरावरची शेळीसुद्धा मान वर करून बघते. स्वतः शाळेची पायरी चढल्या त्या पन्नाशीनंतर, आणि तीही तांदूळ धुवायला. अक्षरओळख शून्य. पण परीक्षा, निकाल, नंबर, पास, नापास या शब्दांची त्यांना फार गोडी. जगातली प्रत्येक गोष्ट कुणीतरी तपासतंय आणि तिला मार्क देतंय अशी त्यांची पक्की समजूत, आणि आपल्या शाळेचा मार्क कुठे कमी पडता कामा नये हा त्यांचा हट्ट.

आता या वाड्याची एक गोष्ट आधीच सांगून ठेवली पाहिजे, नाहीतर पुढचा घोळ कळायचा नाही. इथे डावं-उजवं कुणी म्हणत नाही. उगवतीला खाली मुळशी धरणाचं पाणी पसरलेलं आहे, मावळतीला कोकणात उतरणारा घाट. म्हणून जे काय असेल ते एक तर धरणाकडं असतं, नाहीतर घाटाकडं. "जरा घाटाकडं सरक" असं माणसं अंथरुणातसुद्धा म्हणतात. "तुज्या धरणाकडच्या गालाला शेंबूड लागलाय" असं आई पोराला सांगते आणि पोरगं बरोबर तोच गाल पुसतं. पोराने पाठ फिरवली की तोच गाल घाटाकडचा होतो. यात आजवर कुणाचाही गोंधळ झालेला नाही. गोंधळ होतो तो पाहुण्यांचा.

गेल्या वर्षी पोरांची आरोग्य तपासणी करायला सरकारी पथक आलं. वजन केलं, उंची घेतली, दात बघितले, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून बघितल्या, आणि जाताना सहा पोरांच्या कागदावर 'वजन कमी, रक्त कमी' असं लिहून गेलं. गुरुजींनी ते वाचून दाखवलं मात्र, तानूबाईंना ते थेट काळजाला लागलं. पोरांचं वजन कमी म्हणजे आपली खिचडी कमी, दुसरं काय! 'अ' श्रेणीच्या शाळेत सहा पोरं नापास! त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून खिचडीत डाळ वाढली, शेवग्याचा पाला पडू लागला, आणि तो पाला बाजूला काढणाऱ्या पोराच्या समोर तानूबाई बसून राहू लागल्या. हे चांगलंच झालं. पण त्या एवढ्यावर थांबल्या असत्या तर त्या तानूबाई कसल्या?

पथक जाताना शाळेला डोळे तपासायचा एक गुळगुळीत तक्ता देऊन गेलं होतं. वरून खाली लहान लहान होत जाणारं एकच इंग्रजी अक्षर, तीन पायांचं, कधी एका अंगाला वळलेलं, कधी दुसऱ्या, कधी पालथं, कधी उताणं. गुरुजींनी तो फळ्याच्या शेजारी, समोरच्या भिंतीवर टांगला. तानूबाईंनी तो बघितला आणि त्यांना ते अक्षर लगेच ओळखीचं वाटलं. पालापाचोळा ओढायचं दाताळं! तीन दातांचं. मग काय, या वर्षी पुन्हा पथक येणार असं कळल्यापासून रोज जेवणानंतर तानूबाईंचा तास सुरू झाला. पोरं खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभी करायची, स्वतः तक्त्याशी उभं राहायचं आणि एकेका अक्षरावर पळीचा दांडा ठेवून विचारायचं, "दाताळ्याचे दात कुणीकडं?"

"वर!" पोरं ओरडायची. "धरणाकडं! खाल! घाटाकडं! घाटाकडं! वर!"

तेवीस पोरांचा तो आवाज ऐकून तानूबाईंचा ऊर भरून यायचा. त्या तेवीस आवाजांत सगळ्यांत खणखणीत आवाज सृष्टीचा. सृष्टी त्यांची नात, मुलगा कुशाबाची मुलगी, चौथीत. ती कधी अडखळली नाही. बाकीची पोरं डोळे बारीक करून, मान वाकडी करून बघत बघत सांगायची. सृष्टी ताठ उभी राहून घडाघडा म्हणायची. "माजी नात बघा," तानूबाई गुरुजींना म्हणायच्या.

गुरुजी मान हलवायचे, पण त्यांच्या चेहऱ्यावर काही वेगळंच असायचं. कारण तीच सृष्टी फळ्यावरचं उतरवून घेताना शेजारच्या जयाच्या वहीत बघायची. गणित तोंडी घातलं तर चटकन सोडवायची, फळ्यावर घातलं तर पाटीवर भलतेच आकडे. "पोरीचं लक्ष नाही हो," असं गुरुजी कुशाबाला दोनदा सांगून चुकले होते. आणि कुशाबाने ते मनावर घेतलं होतं. चौथीनंतर पाचवीला डोंगर उतरून रस्त्यावरच्या शाळेत जायचं. रोजचा चढ-उतार करायचा, तेही डोकं नसलेल्या पोरीने? "पुढल्या साली तिला शेरडामागं घालतो," तो म्हणाला होता. तानूबाई त्याच्याशी भांडल्या, पण भांडणात लागतो तो पुरावा त्यांच्याकडे नव्हता. पोरीचं डोकं चांगलं आहे हे त्यांना ठाऊक होतं, पण वहीत ते दिसत नव्हतं. म्हणून त्यांनी मनाशी धरलं, या तपासणीत सृष्टी पहिली आली पाहिजे. डॉक्टरच्या सहीचा कागद कुशाबाच्या नाकासमोर धरायचा.

गेल्या वर्षी तपासणीच्या दिवशी सृष्टी नेमकी तापाने घरी पडली होती. म्हणजे तिची ही पहिलीच परीक्षा.

पथक आलं ते पौषातल्या एका लख्ख सकाळी. गाडी टेकाडाखाली थांबली आणि डॉक्टर क्षितिजा मॅडम धापा टाकत वर आल्या. वयाने लहान, शहरातल्या, कपाळावर घाम आणि तोंडभर हसू. बरोबर वजनकाटा घेतलेल्या नर्सबाई. तानूबाईंनी दोघींना पाणी दिलं आणि पोरांकडे डोळे वटारून बघितलं. पोरं रांगेत ताठ झाली. राखुंडीने घासून घासून दात असे केलेले की काहींच्या हिरड्या सोललेल्या, केस तेलाने चप्प बसवलेले, नखं इतकी कापलेली की बोटं हुळहुळत होती.

"जीभ दाखव," मॅडम पहिल्या पोराला म्हणाल्या. जीभ लालभडक. दुसऱ्याची लालभडक. तिसरी, चौथी, पाचवी, सगळ्या लालभडक. मॅडमनी नर्सबाईंकडे बघितलं. मग एका चिमुरडीला जवळ घेऊन विचारलं, "काय खाल्लंस गं सकाळी?"

"पान," चिमुरडी म्हणाली. "आज्जीनं काताचं पान दिलं. रगात दिसाया."

तानूबाई स्वयंपाकघराकडे वळल्या आणि तिथल्या एका पातेल्यात फार मन लावून बघू लागल्या. पण एवढ्यावर निभावलं नाही. वजनकाट्यावर चढलेल्या पहिलीतल्या एका पोराला नर्सबाईंनी उतरायला सांगितलं. त्याने उडी मारली आणि त्याच्या चड्डीच्या खिशातून गोटे घरंगळत बाहेर आले. मग सगळ्याच खिशांची झडती झाली. नर्सबाईंनी टेबलावर दगडांचा ढीग लावला. मॅडम हसून हसून खुर्चीवर बसल्या.

"मावशी, ही परीक्षा नाही हो," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "इथे कुणी पास होत नाही, कुणी नापास होत नाही. काही दुखणं असलं तर ते सापडावं एवढ्यासाठी आम्ही येतो."

"व्हय व्हय," तानूबाई म्हणाल्या. समदेच साहेब असं म्हंत्यात, असं त्या मनात म्हणाल्या.

दगडांशिवाय वजनं झाली, तर गेल्या वर्षीच्या सहांपैकी पाच पोरांची खरोखरच वाढली होती. डाळ आणि शेवगा लागू पडला होता. मॅडमनी तसं सांगितलं तेव्हा तानूबाईंनी पदर खोचला आणि गुरुजींकडे असं बघितलं, की गुरुजींनी लगेच "खिचडीचं यश" असं कबूल करून टाकलं.

मग डोळे. तक्ता समोरच्या भिंतीवर होताच. पहिलीतली पोरगी लांब उभी राहिली. नर्सबाईंनी एका अक्षरावर पट्टी ठेवली. मॅडम म्हणाल्या, "याचे पाय कुठल्या बाजूला आहेत?"

"धरणाकडं," पोरगी म्हणाली.

"कुठे?"

"धरणाकडं."

मॅडमनी गुरुजींकडे बघितलं. गुरुजी हातात मोबाइल घेऊन दारात उभे होते. सगळी माहिती आजच्या आज वर पाठवायची होती, आणि वाड्यात रेंज फक्त झेंड्याच्या काठीपलीकडच्या खडकावर उभं राहिलं तरच मिळते. ते घाईत होते. "उजवीकडे म्हणतेय, मॅडम," ते म्हणाले. "हे लोक उजव्या बाजूला धरणाकडं म्हणतात आणि डाव्या बाजूला घाटाकडं." आणि ते खडकाकडे गेले.

गुरुजी खोटं बोलले नाहीत. फक्त त्या भिंतीपुरतं खरं बोलले. मॅडमनी वहीच्या समासात लिहून ठेवलं, धरण म्हणजे उजवं, घाट म्हणजे डावं. आणि पहिली-दुसरीची पोरं भराभर पार पडली. तानूबाई समाधानाने फोडणी द्यायला आत गेल्या.

तेवढ्यात ऊन सरकलं. खिडकीतून तिरीप आली ती नेमकी त्या गुळगुळीत तक्त्यावर, आणि तक्ता आरशागत चमकायला लागला. "असं चालायचं नाही," मॅडम म्हणाल्या. नर्सबाईंनी तक्ता काढला आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला, मागच्या भिंतीवर, नकाशाच्या खिळ्याला अडकवला. पोरं जिथून बघत होती तिथे तक्ता गेला, आणि तक्ता होता तिथे पोरं आली. तिसरी-चौथीची तपासणी सुरू झाली.

आणि गाडी रुळावरून घसरली. तिसरीतला पहिला मुलगा उभ्या खुणा बरोबर सांगायचा, वर म्हणजे वर, खाल म्हणजे खाल. पण आडवी खूण आली की चूक. दुसरा तसाच. तिसरी तशीच. सहा पोरं झाली, सहाही आडव्या खुणांत नापास. मॅडम कागदाकडे बघत राहिल्या.

"तिरपा नंबर असतो एखाद्याला," त्या नर्सबाईंना हळूच म्हणाल्या, "पण ओळीने सगळ्यांना?"

"पाण्यात काही असेल का, मॅडम?" नर्सबाई म्हणाल्या आणि हातातली पाण्याची बाटली त्यांनी खाली ठेवली.

तानूबाई हात पुसत दारात आल्या तेव्हा जयाची पाळी चालली होती. नर्सबाईंनी एका खुणेवर पट्टी ठेवली. "घाटाकडं," जया म्हणाली. बरोबर. पण मॅडमनी मान हलवली आणि कागदावर फुली मारली. तानूबाईंच्या कपाळाला आठी पडली. पोरगी बरोबर तर सांगतेय, मग फुली कशाची? शिकलेल्या बायांचंही कधी कधी चुकतं, असं वाटून त्या काही बोलणार, तेवढ्यात सृष्टीचं नाव पुकारलं गेलं.

सृष्टी पुढे आली. ताठ उभी राहिली. तिने एक डोळा तळहाताने झाकला.

"वर," ती म्हणाली. "धरणाकडं. खाल. घाटाकडं. घाटाकडं. वर."

अगदी शेवटच्या बारीक ओळीपर्यंत, कुठेही न थांबता, दोन्ही डोळ्यांनी. मॅडमचा चेहरा खुलत गेला. "शाब्बास!" त्या म्हणाल्या. "अख्ख्या वर्गात एकटी मुलगी, एकही चूक नाही! हिची नजर म्हणजे घारीची."

तानूबाईंना क्षणभर आभाळ ठेंगणं झालं. पहिली! नात पहिली आली! कुशाबाचं तोंड कसं होईल ते त्यांना डोळ्यांपुढे दिसलं. आणि मग, कशाला कोण जाणे, त्यांनी तक्त्याकडे बघितलं.

दुसऱ्या खुणेचे दात घाटाकडं होते. उघडउघड घाटाकडं. भिंत बदलली होती. समोरच्या भिंतीवर जे दात धरणाकडं असायचे ते या भिंतीवर घाटाकडं झाले होते, पाठ फिरवलेल्या पोराच्या गालासारखे. जयाने घाटाकडं म्हटलं ते बघून म्हटलं होतं. सगळ्या पोरांनी बघून सांगितलं होतं. आणि सृष्टीने? सृष्टीने रोजचंच म्हटलं. पळीच्या दांड्याबरोबर तेवीस आवाजांत ऐकून ऐकून पाठ झालेलं.

 इतके दिवस हसण्यावारी नेलेल्या गोष्टी एकदम तानूबाईंसमोर येऊन उभ्या राहिल्या. पोरगी तांदूळ निवडताना सूप नाकाला लावते. दिवाळीत कुत्र्याला करडू समजून हाका मारत होती आणि सगळा वाडा हसला होता, आपणही हसलो. जयाच्या वहीत बघते. ती आळशी नव्हती. तिला दिसत नव्हतं. आणि ते झाकून ठेवायला आपणच तिला शिकवलं, रोज जेवण झाल्यावर, हौसेने.

मॅडमनी पेन उचललं. तानूबाई गप्प राहिल्या असत्या तर कागद मिळाला असता, सहीसकट. कुशाबाच्या नाकासमोर धरता आला असता. आणि बोललं तर? वाड्यात आजवर एकाही पोरीने चष्मा लावलेला नव्हता. आंधळी म्हणतील. लग्नाच्या वेळी कुणीतरी हे काढील. आणि सगळ्यांदेखत आपलं माणूस नापास म्हणून आपल्याच तोंडाने सांगायचं!

"डाक्टरीणबाई," तानूबाई म्हणाल्या, आणि तो डोंगरापलीकडे जाणारा आवाज आज कसाबसा दारापलीकडे आला. "लिवू नका. माजी नात नापास हाय."

"अहो मावशी, तिचं तर सगळं बरोबर—"

"तिचं समदं चुकीचं हाय. ह्या बाकीच्या पोरांचं बरोबर हाय." त्या पुढे आल्या, मॅडमच्या खांद्याला धरून त्यांनी त्यांना तक्त्याकडे तोंड करून उभं केलं आणि त्यांचा उजवा हात लांब केला. "ह्यो हात कुणीकडं हाय? घाटाकडं. त्यो दारातनं दिसतुया त्यो घाट. आता मागारी वळा. आता त्योच हात कुणीकडं?"

मॅडम वळल्या. दाराबाहेर गेल्या, उगवतीला बघितलं, मावळतीला बघितलं, परत आत आल्या, वहीच्या समासातलं वाचलं आणि कपाळाला हात लावला. "म्हणजे भिंत बदलली आणि मी... अरे देवा! सात मुलांना मी तिरपा नंबर लावला!" त्यांनी सातही कागदांवरच्या फुल्या खोडून टाकल्या. नर्सबाईंनी पाण्याची बाटली उचलली आणि त्या घोटभर पाणी प्यायल्या.

मग मॅडम सृष्टीपाशी खाली बसल्या. "हळूहळू पुढे ये. पहिली मोठी खूण जिथून दिसेल तिथे थांब." सृष्टी एक पाऊल पुढे आली. दुसरं. तिसरं.  पाचव्या पावलाला ती थांबली आणि म्हणाली, "आता दिसतंय."

"सांगितलं का नाहीस गं कुणाला?" मॅडमनी तिच्या केसांवरून हात फिरवला.

"मला वाटलं, समद्यास्नी असंच दिसतं," सृष्टी म्हणाली. मग पायाच्या अंगठ्याकडे बघत हळूच म्हणाली, "आन् मी चुकले तर आज्जीच्या खिचडीचा नंबर गेला असता."

तानूबाईंनी नातीला पोटाशी धरलं. "जाऊ दे जळ्ळा त्यो नंबर," त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांत नंबराला त्यांनी पहिल्यांदाच शिवी दिली होती. दारात परत आलेल्या गुरुजींनी ती ऐकली, झालेला प्रकारही ऐकला. दुसऱ्या दिवशी त्यांनी सृष्टीची जागा फळ्याच्या अगदी समोर केली. आणि "लक्ष नाही" हे दोन शब्द त्यांनी पुन्हा कुणाच्या आईबापाला सांगितले नाहीत.

कुशाबा संध्याकाळी शेरडं कोंडून घरी आला तेव्हा तानूबाई त्याची वाटच बघत होत्या. पौडच्या दवाखान्यात डोळे तपासून चष्मा करायचा, हे त्यांनी एका दमात सांगितलं.

"चश्मा?" कुशाबा म्हणाला. "शेरडामागं चश्मा घालून हिंडनार व्हय ती? लोकं हसत्याल."

"शेरडामागं कशाला? पाचवीला घालून जाईल. खालच्या शाळंत."

"आये, तिला डोस्कंच न्हाई, गुरुजी सोता म्हनले—"

"डोस्कं न्हाई?" तानूबाईंचा आवाज आता पूर्ववत झाला होता; शेजारच्या चार घरांनी ऐकून घेतलं. "अख्खा तक्ता दिसत नसताना पाठ केला पोरीनं. सा वळी! एक चूक न्हाई! तुला तर डोळं हुतं, तू बगून तरी काय शिकलास?"

हा पुरावा बिनतोड होता. कुशाबाने डोकं खाजवलं, लेकीएवढ्या वयात आपण शाळेतून कसे पळून जायचो ते त्याला आठवलं असावं. जेवताना तो सृष्टीला म्हणाला, "बेस्तरवारी जाऊ पौडाला."  तानूबाईंना तेवढं पुरेसं होतं.

नंबर निघाला उणे साडेचार. तीन आठवड्यांनी चष्मा आला, निळ्या काड्यांचा. कुशाबाने तो डबीतून शाळेतच आणून दिला, कारण घरी न्यायला त्याला धीर निघेना. शाळेच्या पायरीवर सगळी पोरं गोळा झाली. तानूबाई पळी घेऊन बाहेर आल्या. सृष्टीने चष्मा नाकावर चढवला, दोन्ही कानांमागे नीट बसवला आणि वर बघितलं, तर समोर आजी.

ती कितीतरी वेळ आजीच्या तोंडाकडे बघत राहिली. तानूबाईंना गलबलून आलं.

"आज्जी," सृष्टी म्हणाली, "तुला मिश्या हायेत."

पोरं खिदळली. कुशाबा तोंड फिरवून हसला. तानूबाईंनी पळी उगारली आणि तशीच खाली घेतली, कारण सृष्टी आता त्यांच्याकडे बघतच नव्हती. ती उठून उभी राहिली होती. तिने झेंड्याच्या काठीकडे बघितलं, काठीवरच्या दोरीच्या गाठीकडे बघितलं, समोरच्या डोंगरावर चरणाऱ्या शेरडांकडे बघून "आपली बारा हायेत, जयाची आठ" असं मोजून सांगितलं. मग उगवतीला वळली आणि थबकली. खाली, डोंगरांच्या मधोमध, दुपारच्या उन्हात पाणी चकाकत होतं. काठाकाठाने आत-बाहेर वळत गेलेलं, मध्ये बेटासारखी एक टेकडी.

"त्ये काय हाय?"

"धरान न्हवं का, बाय," तानूबाई म्हणाल्या.

"त्ये?" सृष्टी म्हणाली. "मला वाटायचं तितं आभाळच खाल उतरलंय." ती पायरीच्या टोकाला गेली, चष्मा दोन्ही हातांनी धरून बघत राहिली. मग तिने वळून विचारलं, "म्हंजी आपन धरणाकडं धरणाकडं म्हंतो, त्ये ह्याच्याकडं व्हय?"

"व्हय गं," तानूबाई म्हणाल्या. "ह्याच्याकडंच."

आणि त्यांना रडू फुटलं. शाळेत चूल असती तर धुराचं नाव सांगता आलं असतं. पण दोन वर्षांपूर्वी गॅस आला. म्हणून त्या सगळ्यांदेखत, पदर तोंडाला न लावता, सरळ रडल्या. मग आत पातेल्याला खिचडी लागल्याचा वास आला आणि त्या पळी घेऊन धावल्या.